नुसतं घोटभर

"वहिनी, थर्टी एमएल म्हणजे औषधच हो!" म्हणत दिराने ऋजुताच्या नवऱ्याचा ग्लास अर्धा भरला.

या घरात ‘घोटभर’ म्हणजे एक पेग, ‘छोटा’ म्हणजे दोन, आणि ‘चपटी’ निघाली की मोजायचंच नाही. अंधाराआधी घाट उतरायचा होता आणि गाडी नवराच चालवणार होता.

नवऱ्याने रिवाजाप्रमाणे दारूत बोट बुडवून थेंब शिंपडले. त्याच्या मांडीवरच्या दोन वर्षांच्या लेकीनेही लगेच आपल्या दुधात बोट बुडवलं, थेंब उडवले आणि ऐटीत पेला उचलला.

सगळे खो खो हसले. नवऱ्याने मात्र ग्लास दूर सारला.

"दादा, निदान घोटभर!"

"थेंबसुद्धा नको. किल्ली कुठाय?"

ऋजुताने लपवलेली किल्ली पर्समधून काढली आणि हसत त्याच्या हातावर ठेवली.