कॉफीची सरळ रेषा

फोन थरथरला. ‘आईची कॉफी सुरू.’ मिर्तोनं खांद्यावरच्या बाळाची पाठ थोपटत ते वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती इथे थेस्सलोनिकीत, आई तिकडे वोलोसला एकटी. पण आई उठली होती.

आईच्या घरात वीज जिथून येते त्या मुख्य तारेवर लेफ्तेरिसनं, मिर्तोच्या नवऱ्यानं, एक छोटं यंत्र बसवलं होतं. घरात काय सुरू झालं ते यंत्राला विजेच्या ओढीवरून कळे आणि ते मिर्तोला फोनवर कळवी. वॉशिंग मशीन सुरू होताना झटका देतं. इस्त्री थांबत थांबत ओढते. काही दिवसांनी यंत्रानं विचारलं होतं, सकाळी आणि दुपारनंतर थोडा वेळ एक सरळ रेषा उमटते, ती कशाची? मिर्तोनं क्षणभरही न थांबता लिहिलं, आईची कॉफी. आई सकाळी उठून एक कॉफी पिते आणि दुपारच्या झोपेनंतर एक. जन्मभर तसंच. आई कॉफी करायची त्या छोट्या गॅसचा भरवसा नाही म्हणून मिर्तोनंच तिला विजेची शेगडी घेऊन दिली होती. आई ‘हो गं बाई’ म्हणाली होती.

पूर्वी मिर्तो रोज सकाळी फोन करायची. आता बाळाचे दात, बाळाचा ताप, बाळाची झोप. कॉफी झाली म्हणजे सगळं ठीक.

दुपारी आईच्या शेजारच्या स्तामातामावशींचा फोन आला.

“मिर्तो, घाबरू नकोस. तुझी आई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. मी भाजी द्यायला गेले म्हणून कळलं. शुद्धीवर आहे. काल सकाळपासून पडलीये म्हणते.”

“कालपासून? गोंधळ होतोय तिचा, मावशी. काल दोनदा कॉफी केली तिनं. आज सकाळीही केली.”

“कशावर केली? तुझी ती शेगडी तिनं केव्हाच माझ्या नातीला देऊन टाकली. विजेवर कॉफीला फेस धरत नाही म्हणे. बिनफेसाची कॉफी मयताला आलेल्यांनाही देऊ नये, असं म्हणाली.”

वोलोसकडे निघालेल्या गाडीत बाळ रडत होतं. वाटेत फोन पुन्हा थरथरला. ‘आईची कॉफी सुरू.’

गाडी चालवता चालवता लेफ्तेरिस म्हणाला, “फ्रिज असणार. आतला बर्फ वितळवायला तो रोज ठरावीक वेळी आपोआप तापतो. शेगडीसारखीच सरळ रेषा.”

मिर्तोनं फोन मांडीवर पालथा घातला.

आई हॉस्पिटलात होती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या.

“आई, हाका का नाही मारल्यास गं? मावशी भिंतीपलीकडेच होत्या.”

“मारल्या असत्या की,” आई म्हणाली. तिनं बाळाचं पाऊल हातात धरलं. “पण तूच सांगितलं होतंस ना, कॉफी झाली की नाही ते यंत्र तुला कळवतं म्हणून. म्हटलं, आता मिर्तोचा फोन येईलच.”