ओली बोटं

परभणीच्या दवाखान्यात सूर्यभान गुंगीत पडला होता. हृदय अशक्त होतं; ऑपरेशनमधून तो उठेलच, असं डॉक्टर सांगत नव्हते. उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोला, मार्थाला, मात्र दुसरीच भीती होती. बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही, मेल्यावर नरकच, असं चर्चच्या पाळकांनी रविवारच्या उपासनेत पुन्हा बजावलं होतं. सूर्यभान तिला मानवत गावाहून गाडीवर चर्चला आणायचा, पण स्वतः बाहेर लिंबाखाली बसून राहायचा; बाप्तिस्मा त्याने कधी घेतला नव्हता. तिने ग्लासातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि त्याच्या कपाळाकडे नेली. तेवढ्यात त्याने डोळे उघडले. "काय करायलीस?" तिने खरं ते सांगितलं. "मला इचारलं का न्हाई?" "तुमी न्हाई म्हणला असता." "म्हणलोच असतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मंग झोपेत नको करू, मार्था. जागेपणी इतकी वर्षं न्हाई म्हणलो, ते काय खोटं होतं?" तिने बोटं पदराला पुसली. त्याला स्ट्रेचरवरून आत नेलं आणि दार लागलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. ‘प्रभू, याला वाचव’ म्हणायला तिने तोंड उघडलं, पण निघालं वेगळंच. "तू याला जिथं ठेवशील, तिथंच मलाबी ठेव." आपण काय मागून बसलो हे कळताच तिच्या अंगावर काटा आला. नरकाला ती लहानपणापासून घाबरायची. तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत. डोळे घट्ट मिटून ती ‘आमेन’ म्हणाली.