मागची गाडी

मोटारहोमच्या मागच्या दांड्याला बायकोची छोटी गाडी जोडायला प्रभुदेसाई खाली वाकले होते. टेक्सासमधलं घर बंद करून, या चाकांवरच्या एका खोलीत राहत वर्षभर अमेरिका फिरायची हौस त्यांची. आपली गाडी मागे ओढत न्यायचा हट्ट मात्र तिचा. "भाजी आणायला लागेल," ती म्हणाली होती. भाजीसाठी अख्खी गाडी? प्रभुदेसाईंना काही ते पटलं नव्हतं.

तेवढ्यात घराच्या दाराला कुलूप लावून, त्यावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "येते हं."

प्रभुदेसाई ताडकन उठले. "येते? म्हणजे मला वाटेत सोडून परत यायचा बेत आहे! त्यासाठीच ही गाडी!"

"अहो, घरातून निघताना 'जाते' म्हणतात का कधी?"

हे पटलं, पण पुरतं नाही. त्यांनी तिच्या गाडीचा गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला आणि किल्ली गुपचूप खिशात घातली.

"ती आतच राहू द्या. नाहीतर स्टिअरिंग अडकेल, टायर घासतील. कालच तुम्ही मला शिकवलंत ना?"

किल्ली मुकाट्याने जागेवर गेली. "खरं सांग, जाशील सोडून?"

"तुम्ही चिडचिड करायला लागलात, की एक चक्कर मारून येईन," मोटारहोममध्ये चढत ती म्हणाली. "त्याशिवाय वर्षभर कशी राहू तुमच्याबरोबर एका खोलीत?"