प्रेसच्या तालावर

पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली हणमंतचा हात सापडला तेव्हा वत्सला शेजारच्याच मशीनवर होती. किंकाळी ऐकताच तिची नजर आधी स्वतःच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेली. राग आला की पट्टा लाल व्हायचा आणि कंपनीला कळवायचा. बऱ्याच जणांना एकदम राग आला, तर दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना गेटवरच अडवायचे.

युनियन मोडली तेव्हा जुन्या दाभाडेमामांनी कामावरून जाता जाता सगळ्यांना एवढंच शिकवलं होतं, "प्रेस वर गेली की श्वास घ्यायचा, खाली आली की सोडायचा. राग पट्ट्याला दिसत नाही."

वत्सलाने तेच केलं, बाकीच्यांनीही. हणमंतला उचलून नेलं, फरशी पुसली गेली, आणि एकही पट्टा लाल झाला नाही.

तरीही सुपरवायझर बेंद्रे धावत आले. त्यांच्या हातातल्या पडद्यावर पट्ट्यांनी टिपलेल्या सगळ्या खात्याच्या श्वासांच्या रेघा एकदम वर जात होत्या, एकदम खाली येत होत्या.

"हे कुणी ठरवलं? पुढारी कोण तुमचा?"

वत्सलाने पुढचा पत्रा प्रेसखाली सरकवला.

बेंद्र्यांनी प्रेस बंद करायला लावल्या. खातं चिडीचूप झालं. रेघा मात्र तशाच एकत्र हलत राहिल्या.

बेंद्रे पडद्याकडे बघतच राहिले. वत्सलानेही वाकून पाहिलं. सर्वांत खालची रेघ त्याच तालावर चालली होती आणि तिच्यापुढे बेंद्र्यांचं नाव होतं. त्यांचीही सारी नोकरी प्रेसच्याच आवाजात गेली होती.

त्यांनी घाईघाईने शर्टाची बाही मनगटावरच्या पट्ट्यावर ओढली आणि वरच्या, साहेबांच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं.