किरकोळ बदल

अप्पांच्या मेंदूच्या दोनशे साठ प्रती पडद्यावर ओळीने उभ्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे वृंदाने स्वतःच लिहिलेले तेच दोन शब्द होते: किरकोळ बदल.

दर रविवारी प्रत जतन करताना यंत्र विचारायचं, "या आठवड्यात काय बदललं?" रकाना रिकामा ठेवला तर ते मेलं पुढे सरकायचंच नाही. मग ऑफिसात प्रोग्रामचा कोड जमा करताना बदलाची नोंद म्हणून ती जे खरडायची, तेच तिने पाच वर्षं इथेही खरडलं होतं.

"विस्मरण नेमकं कधी सुरू झालं? त्याच्या आधीची प्रत हवी," डॉक्टर नागवेकर म्हणाले. "आणि जुन्या प्रतीवर त्यांना मागे एकदाच नेता येईल. दुसऱ्यांदा मेंदूला झेपणार नाही."

वृंदाला आठवेना. अप्पा पहिल्यांदा घरचा रस्ता चुकले, ते आई जाण्याआधी की नंतर? एक ओळ धड लिहिली असती तर! शेवटी धोका नको म्हणून तिने आई गेली त्याच्या आधीची, तीन वर्षांपूर्वीची प्रत निवडली.

अप्पांनी डोळे उघडले. लेकीला लगेच ओळखून हसले. मग दाराकडे बघत म्हणाले, "तू एकटीच? आई कुठंय तुझी?"

तिने सांगितलं. अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते जेवायलाही वळले नाहीत.

रविवारी यंत्राने विचारलं, "काय बदललं?" वृंदाची बोटं उचलेनात. पण रकाना रिकामा नव्हता. तिची सवय ओळखून यंत्राने तिचे ते दोन शब्द आधीच भरून ठेवले होते.