वकिलाची बायको

“नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. शोधू तरी कशी, काका?” वाचनालयातल्या बाई म्हणाल्या.

“गोष्ट आठवते ना,” म्हातारा म्हणाला. “एक वकील असतो. मोठं घर, दारात गाडी. त्याची बायको बॅग भरून ठेवते, पण जावं की नाही हे तिचं ठरत नाही.”

“अशा बायका निम्म्या कपाटात सापडतील, काका.”

तो हात हलवत घरी आला. मुलगी आईचं कपाट आवरत होती. आईला जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याला कुणीच हात लावला नव्हता.

“मिळालं?”

“नाही. तिथेच परत केलं म्हणाली होती तुझी आई.”

“बाबा, जन्मात दुसरं पुस्तक वाचलं नाहीत तुम्ही. याचंच काय एवढं?”

“हेही कुठे वाचलं? ऐकलं.”

तो कारखान्यात वेल्डर होता. मुलगी पाळण्यात होती तेव्हा एकदा कामावर ठिणग्या उडाल्या आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आल्या. एरवी तो घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. आता दिवसभर खाटेवर पडून भिंतीवरसुद्धा चिडायचा. एका संध्याकाळी बायकोने खुर्ची ओढली आणि विचारलं, “पुस्तक वाचून दाखवू?”

ती सावकाश वाचायची. मधेच थांबायची.

“किती अडखळतेस गं!”

“छपाई फार बारीक आहे हो.”

गोष्टीतला वकील घरी यायचा, मान खाली घालून जेवायचा, ‘मीठ’ एवढंच बोलायचा आणि झोपायचा. बायकोला नावाने हाक मारायचा नाही, नुसतं ‘ए’. ती बिचारी रोज बॅग उघडायची, पुन्हा झाकायची.

सुरुवातीला त्याने बायकोलाच दोष दिला. “खायला आहे, प्यायला आहे. सुख टोचतंय तिला. तो मारत नाही, पीत नाही, मग?”

“मारत नाही, पीत नाही आणि बोलतही नाही.”

“असं लिहिलंय?”

“असंच आहे.”

तिने पान उलटलं. पातळ कागदाचा आवाज त्याला अजून आठवत होता.

पुढे मात्र त्याला वकिलाचाच राग येऊ लागला. पोराला ताप होता त्या दिवशी वकील मित्रांबरोबर पत्ते कुटत बसला, हे ऐकून तो उठूनच बसला. “हा माणूस आहे की खांब? पण हिनंही तोंड उघडावं की. न सांगता त्याला काय स्वप्न पडणार आहे?”

“सांगतेय ती. तिच्या परीनं.”

मधे एकदा पुस्तकाची पाठ सुटली. त्याने दाभण आणि जाड दोरा मागून घेतला आणि पट्टीच्या आड, नुसत्या बोटांनी शिवण घातली. “डोळे नसले म्हणून काय झालं, जोड माझाच!” ती हसली होती. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

पट्टी निघायच्या आदल्या संध्याकाळी ती वाचता वाचता थांबली.

“ती बॅग घेऊन दारापर्यंत आलीय. आता काय करावं तिनं?”

“मला काय विचारतेस? पान उलट.”

“आधी तुम्ही सांगा.”

त्याने बराच वेळ विचार केला. “गेली तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी तो वकील असतो ना, तर दारात आडवा झालो असतो. म्हटलं असतं, बाई, मला कळलंच नाही गं. एकदा बघ माझ्याकडे.”

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

“मग? गेली?”

“नाही गेली.” तिचा आवाज बसला होता. रोज वाचून घसा धरला असेल, असं त्याला वाटलं.

डोळे बरे झाल्यावर तो आपलं ताट आपण उचलू लागला. तिला नावाने हाक मारू लागला. संध्याकाळी कारखान्यातल्या गमती सांगू लागला. त्या वकिलाची जात आपली नाही, एवढंच त्याला दाखवायचं होतं. कधी विसरला की टोमणा तयारच असायचा, “वकीलसाहेब, ताट उचला!” तो टोमणा जन्मभर चालला. नव्या शेजाऱ्यांनी तर एकदा भाडेकरार घेऊन त्याचा सल्ला विचारला होता.

“मी असते तर केव्हाच गेले असते,” मुलगी म्हणाली. “मूर्खच होती ती बाई.”

“मूर्ख नव्हती गं. भला जीव होता. पण राहिली ती सुखी झाली का, ते काही तुझ्या आईनं वाचलं नाही. मीही विचारलं नाही. आता रोज जिवाला लागून राहतं.”

मुलीने स्टूल घेतलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, गाद्यांच्या मागे हात घातला. धुळीने भरलेली एक जुनी बॅग निघाली. आत आईचे दोन कपडे होते, बाळाची एक लोकरीची टोपी होती. ती बाजूला ठेवून तिने खालून एक जाडजूड पुस्तक काढलं.

“बाबा, हे तर नाही?”

त्याने हातात घेतलं. डोळे मिटून पाठीवरून अंगठा फिरवला. जाड दोरा, तिरके टाके. आपला जोड वेल्डर विसरत नाही.

“हेच!” त्याने डोळे मिटूनच पुस्तक तिच्या हातात दिलं आणि खाटेवर टेकला, पूर्वी टेकायचा तसाच. “वाच. शेवटचं पान वाच. सुखी झाली का बघ.”

पातळ पानं उलटत गेली. बराच वेळ उलटत राहिली.

“काय लिहिलंय गं?”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “हे रेल्वेचं वेळापत्रक आहे.”