हिंकलचं पोर घ्यावं का?

"तूच सांग, घ्यावं की नाही?" गस वेदरबीने विचारलं.

"मला कशाला विचारतोस?" रॉली पावलक म्हणाला. "संघाचा व्यवस्थापक तू."

"आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तू. टोलीडोच्या पोरांना इतकी वर्षं तूच नाचवलंस. हे पोर उद्या तुझ्याच जागी उभं राहणार. दोन दिवस त्याला घेऊन हिंड, खाऊ घाल, बोलतं कर. मग खरं काय ते सांग. तू म्हणशील तसं करीन."

"शब्द?"

"मी कधी शब्द मोडलाय?"

"दोनदा."

"मग आता मोडायचा कंटाळा आलाय असं समज."

रॉली हसला नाही. त्याचा करार मार्चअखेर संपत होता आणि पुढच्या वर्षाबद्दल गसने अवाक्षर काढलं नव्हतं. पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू फेकण्याखेरीज रॉलीला दुसरं काही येत नव्हतं. आणखी एक वर्ष मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

डकोटा हिंकलबद्दल गुत्त्यागुत्त्यांत गोष्टी चालत. त्यातल्या निम्म्या खोट्या होत्या आणि त्याच कमी अचाट होत्या. ओक्लाहोमात त्याने एकदा चेंडू इतका उंच फेकला, की पकडणारा गडी खाली पोचला, त्याने बुटाची नाडी बांधली आणि मग हात पसरून वाट बघत बसला. हे खरं. आधीच्या संघाने वर्षाच्या आत हाकललं, हेही खरं. मालकाच्या बायकोची गोल्फची गाडी त्याने तळ्यात घातली होती, आणि ती बुडेस्तोवर टपावर उभं राहून सलामी दिली होती.

शुक्रवारी दुपारी रॉली त्याला चर्चच्या तळघरात घेऊन गेला. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मटण बंद म्हणून सगळं गाव तिथे तळलेली मासळी खायला लोटलेलं. डकोटाने तीन ताटल्या संपवल्या. मग एक पाव उचलला आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून भिरकावला. तो पलीकडच्या टोकाला फादरच्या रिकाम्या ताटलीत जाऊन बसला. फादरने वर पाहिलं, पावाला लोणी लावलं आणि खाऊन टाकला.

"आजोबा," डकोटा म्हणाला, "अजून किती वर्षं खेळणार तुम्ही?"

रॉलीला सदतिसावं चालू होतं. "जमेल तितकी."

"म्हणजे एक? की दोन? नीट सांगा ना."

"तुला कशाला पंचायत?"

"आहे थोडं काम. आणि घर? इथेच राहणार, की विकून जाणार?"

"तुला हवंय का घर?"

"मला काय करायचंय घर," पोर म्हणालं आणि रॉलीच्या ताटलीतला बटाटा उचलून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर रॉलीने त्याचा हात पाहिला. असा हात त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण पोर ऐन कोंडाळ्यात चेंडू फेकत होतं. तीनदा चेंडू समोरच्या संघाच्या हाती गेला.

"त्यांच्या मागच्या रखवालदाराचे डोळे बघू नकोस," न राहवून रॉली बोलला. "डोळे फसवतात. त्याची टाच बघ. ती वळली की तो निघाला, उलटी बाजू मोकळी."

पोराने मान डोलावली. त्यानंतर एकही चेंडू वाया गेला नाही.

"हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," येताना ते म्हणालं.

घरी रॉलीच्या दुखऱ्या खांद्यावर बर्फाची पिशवी ठेवताना त्याच्या बायकोने, आर्लीनने विचारलं, "कसं आहे पोर?"

"पोरकट."

"तू काय होतास? पोलिसाच्या घोड्याला बीअर पाजली होतीस."

"घोडा मागत होता."

"मग ह्यालाही येईल अक्कल. चांगलं असेल तर चांगलं म्हण की."

रॉली स्वतः टोलीडोत आला, त्या सोमवारी आधीच्या क्वार्टरबॅकचं, म्हाताऱ्या होबार्टचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं त्याने पाहिलं होतं. इथली रीतच ती. नवा आला की जुन्याची पिशवी भरायची. होबार्टने त्याच्याशी हात मिळवला होता आणि पिशवी उचलली होती.

सोमवारी गसने दार लावून घेतलं. "बोल."

"हात चांगला आहे."

"हात मलाही दिसतो. डोक्याचं सांग."

"डोकं नाही." रॉली खिडकीबाहेर बघत होता. "सांगितलेलं या कानाने घेतं, त्या कानाने सोडतं. शिकणारं पोर नव्हे ते."

"थोडा वेळ दिला तर?"

"फुकट जाईल."

"शेजारी कुणी जाणता बसवला तर?"

"देव बसवलास तरी."

गसने पेन्सिल खाली ठेवली. मग त्याने फोन उचलला. "हिंकलला नाही म्हणून कळवा. हो, आजच." फोन ठेवून त्याने डोळे चोळले.

रॉलीने श्वास सोडला. "मग पुढच्या वर्षी मीच ना?"

"तू? या खांद्यावर? दुसरा कुणीतरी मिळेल, असा तसा. तुझा करार संपला, रॉली."

"मग मला विचारलंस कशाला?"

"आधी सांगितलं असतं तर तू पोराची खोटी तारीफ केली असतीस. मला खरं ऐकायचं होतं." गस उठला आणि त्याने दार उघडून धरलं. "दुसरे संघ त्याला जास्त द्यायला तयार होते. इथे यायला त्याची अट एकच होती. दोन वर्षं शिकवायला तू शेजारी हवास."